ज.कै. म्हणजे काय

वॉलॉंगॉंगच्या टॅनेनब्रुख पंप्समध्ये शुभदा मुजुमदार सात वर्षं हिशेब सांभाळत होती, आणि पहिला महिना सोडला तर सगळा काळ ती मराठीत सांभाळत होती. हे तिच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

कंपनी मूळची जर्मन. पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्याला आणि आसपासच्या खाणींना मोठाले पंप विकायचे, बिघडले की दुरुस्त करायचे, एवढंच इथल्या शाखेचं काम. माणसं अकरा. पण शाखा पडली, त्यामुळे इथलं एकूण एक बिल जर्मनीतल्या मुख्य ऑफिसच्या सिस्टिममध्ये चढवावं लागे. बिल वेळेत मंजूर झालं तर प्रश्न नाही. अडकलं, की सिस्टिम एक पिवळी चौकट उघडून बसायची: कारण लिहा, किमान पंचवीस अक्षरं. लिहिल्याशिवाय पुढे जाऊच द्यायची नाही.

सुरुवातीला शुभदाने इमानेइतबारे इंग्रजीत लिहिलं, 'मॅनेजरकडून उशीर'. मॅनेजर म्हणजे ग्रेग डॉनली. त्याने ते वाचलं आणि म्हणाला, "शूब्स, हे जरा सॉफ्ट करता येईल का?" मग ते 'अंतर्गत कारणामुळे उशीर' झालं. एका दुपारी आईला मेसेज लिहून झाल्यावर कीबोर्ड मराठीतच राहिला, आणि पिवळ्या चौकटीत उमटलं, 'साहेब बिल पुन्हा गाडीत विसरले.' सिस्टिमने मुकाट्याने गिळलं. शुभदाने दोन दिवस वाट पाहिली. कुणी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने मोकळ्या मनाने लिहायला घेतलं.

'ट्रकवाल्याने परत टांग दिली. वर म्हणतो, चिल, मेट. याला भट्टीच्या तोंडाशी उभा करून चिल कसं व्हायचं ते शिकवलं पाहिजे.'

'ग्राहकाबरोबर जेवण म्हणे. ग्राहक कोण, तर साहेबांचा मेहुणा. या मेहुण्याने जन्मात सायकलचा पंपसुद्धा विकत घेतलेला नाही.'

एकदा सवय लागली ती लागली. ऑफिसात दुसरं मराठी माणूस नव्हतं. घरी नवरा हृषिकेश, हॉस्पिटलच्या आयटी विभागातून आला की कशालाही 'हं' म्हणायचा. चौदा वर्षांची अनुष्का मराठीतला प्रश्न ऐकून इंग्रजीत उत्तर द्यायची. चिंचवडहून इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आलेल्या शुभदाच्या जिभेवरचे जे शब्द वापरावाचून गंजायला लागले होते, ते सगळे त्या पिवळ्या चौकटीत जाऊन पडायला लागले. तिथे तिचं मन कसं स्वच्छ व्हायचं.

आणि मग जुलैत हाइक लॅमर्सची ईमेल आली.

लॅमर्सबाई मुख्य ऑफिसात तपासनीस होत्या. शुभदाने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण बाईंची कीर्ती तिला पुरेपूर माहीत होती. चार डॉलरच्या पार्किंगची पावती बाईंनी एकदा चार वेळा परत पाठवली होती: स्कॅन वाकडा, तारीख अस्पष्ट, मागची बाजू नाही, आणि चौथ्यांदा मागची बाजू कोरी आहे तर तसं लिहिलेलं नाही. आता बाईंनी कळवलं होतं, की नोव्हेंबरात जर्मन कर खात्याची तपासणी आहे, त्यांना आपल्या संगणकातल्या सगळ्या नोंदी वाचायचा अधिकार असतो, आणि ऑस्ट्रेलिया शाखेच्या शेऱ्यांमध्ये एक हजार एकशे त्रेचाळीस शेरे अशा लिपीत आहेत जी आपल्याला वाचता येत नाही. बुधवारी साडेचार वाजता व्हिडिओ कॉलवर बोलू.

शुभदाने केबिनचं दार लावलं आणि सर्वांत जहाल शेरे शोधून पुसायला घेतले. पहिल्या ठिकाणी तिने मेहुणा काढून 'बिल उशिरा मिळालं' असं सभ्य इंग्रजीत लिहिलं. सेव्ह केलं. सिस्टिमने नवा शेरा खाली दाखवला, जुना वर तसाच ठेवला, त्याला लाल पट्टी मारली आणि शेजारी लिहिलं: बदल करणार एस. मुजुमदार, आज, अकरा वाजून सात मिनिटं. आतापर्यंत जो मेहुणा हजार शेऱ्यांच्या गर्दीत निवांत बसला होता, तो आता लाल कपडे घालून उभा राहिला. आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून तिने आणखी दोन करून पाहिले. तिथेही तेच. मग तिने माउसवरून हात काढला.

बुधवारी पडद्यावर लॅमर्सबाई आल्या. पांढरे आखूड केस, मागे रंगांनुसार लावलेल्या फायली. ग्रेग शुभदाशेजारी चहाचा मग घेऊन बसला होता. त्याला यातलं काहीच कळलेलं नव्हतं, आणि म्हणून तो अत्यंत निर्धास्त होता.

"नो वरीज, हाइक," तो म्हणाला, "शूब्स ते सगळं डिलीट करून टाकेल."

पलीकडे इतकी शांतता पसरली, की ग्रेगला वाटलं नेटवर्क गेलं.

"मिस्टर डॉनली," बाई हळूहळू म्हणाल्या, "हिशेबाची नोंद कुणी पुसत नाही. बदलता येते, पण आधी काय होतं ते दिसलंच पाहिजे. दहा वर्षं. आमच्याकडे हा कायदा आहे." मग त्या शुभदाकडे वळल्या. "फ्राउ मुजुमदार, सोमवारी तुमच्याकडून तीन नोंदी बदलल्या गेल्या. मी पाहिलं."

"चुकून," शुभदा म्हणाली.

"तीनदा," बाई म्हणाल्या आणि काहीतरी टिपून घेतलं. "असो. कायद्याने हिशेब कुठल्याही जिवंत भाषेत ठेवता येतो, फक्त मागितलं तर भाषांतर द्यावं लागतं. ही भाषा जिवंत आहे का?"

"म्हणजे काय! महाराष्ट्रात कोट्यवधी माणसं बोलतात."

"मग उत्तम. प्रमाणित भाषांतरकाराकडून भाषांतर करून घ्या. लिहिणाऱ्यानेच केलेलं चालणार नाही. आणखी एक. संक्षेपांचा अर्थ निश्चित केलेला असावा लागतो. यात एक आकृती सेहेचाळीस वेळा येते." बाईंनी कॅमेऱ्यासमोर एक कागद धरला. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने, शाळकरी मुलासारखं गिरवून, काढलं होतं: ज.कै.

ज.कै. म्हणजे जर्मन कैदाशीण. म्हणजे लॅमर्सबाई, जातीने.

"फ्राउ मुजुमदार?"

"जमाखर्च कैफियत," शुभदाच्या तोंडून निघालं. कुठून आलं देव जाणे. "म्हणजे हिशेबाचं... निवेदन."

"सेहेचाळीस वेळा?"

"आमच्याकडे हिशेबाला फार मान आहे."

"छान," लॅमर्सबाई पहिल्यांदाच किंचित हसल्या. "संक्षेपांच्या यादीत तसं लिहा, सही करा, पाठवा. सप्टेंबरात मी तिकडे येतेय."

यादी गेली. सहीसकट.

मराठीचा प्रमाणित भाषांतरकार ब्लॅकटाउनला मिळाला. पद्माकर हळबे, वय एकाहत्तर, रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त. शुभदाचा जीव भांड्यात पडला. आपला माणूस, दोन ठिकाणी सांभाळून घेईल. शनिवारी ती घरची चकली डब्यात भरून गाडीने ब्लॅकटाउनला गेली.

हळब्यांनी दार उघडलं, डबा पाहिला आणि म्हणाले, "ही चहाच्या वेळी. कामाच्या वेळी मी पक्षकाराकडून काही घेत नाही. बसा."

त्यांचा नियम होता: कामाच्या टेबलाशी 'तुम्ही', चहाच्या टेबलाशी 'तू'. दोन्ही टेबलं एकाच खोलीत होती, त्यामुळे त्या दिवशी शुभदा चारपाच वेळा लहानाची मोठी झाली.

तिने छापून आणलेला, ताजे शेरे वर आणि जुने खाली असलेला गठ्ठा त्यांनी चष्मा लावून वाचायला घेतला. पहिल्या पानावर काही नाही. दुसऱ्या पानावर त्यांच्या मिशा हलल्या. चौथ्या पानावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि डोळेही पुसले.

"शुभदाबाई," ते म्हणाले, "अकरा वर्षं मी जन्मदाखले, लग्नाचे दाखले आणि ड्रायव्हिंग लायसन्सं भाषांतरित करतोय. या अकरा वर्षांत मला एकही विशेषण भेटलेलं नाही. आणि इथे तुम्ही एका पुरवठादाराला 'शेंबडा, आळशी आणि वर शहाजोग' म्हटलंय. एकाच वाक्यात तीन!"

"काका, ते आपण 'स्लो' असं नाही का करू शकत?"

"शहाजोगला स्लो?" हळबे उभेच राहिले. "माझा शिक्का आहे त्याच्यावर!"

नरम करणं दूरच, काका एकेका शब्दासाठी अर्धा-अर्धा तास झटायला लागले. 'टांग दिली' याला पाय आणायचा की नाही, यावर त्यांनी मंगळवारी तिला ऑफिसात फोन केला. 'कपाळ माझं!' असा शेवट असलेल्या शेऱ्याखाली तळटीप टाकली, की लेखिकेला डोक्याची दुखापत झालेली नसून हा वैतागाचा उद्गार आहे. महिनाभरात एकशे चार तळटीपा झाल्या.

ज.कै.चं शुभदाने त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. जमाखर्च कैफियत. काकांनी मान डोलवली होती. 'जमाखर्च कैफियतीने बिल परत पाठवलं' हे वाक्य त्यांना जरा विचित्र वाटलं, पण सरकारी मराठीत त्यांनी याहून विचित्र पाहिलं होतं. 'जमाखर्च कैफियत आज फारच पिसाळलेली दिसते' इथे मात्र ते अडले. तरी पुढे गेले. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी त्यांनी शुभदाला बोलावलं आणि दोनशे बाराव्या शेऱ्यावर बोट ठेवलं.

"वाचा. मोठ्याने."

शुभदाने वाचलं. "'पार्किंगची पावती चौथ्यांदा परत. या जर्मन कैदाशिणीला, कंसात, यापुढे ज.कै....'"

पुढे तिला वाचवेना. पाच वर्षांपूर्वीची ती पक्की हिशेबनीस शुभदा! शिवी देतानासुद्धा संक्षेपाची व्याख्या करून मोकळी झाली होती.

"मी खोट्यावर शिक्का मारणार नाही," हळबे म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "यादी आणि मजकूर जुळत नाहीत अशी टीप मला लिहावी लागेल. त्यांनी ती वाचण्याआधी तुम्ही स्वतः सांगितलंत तर बरं."

"काका, माझी नोकरी जाईल."

काकांनी कागद बाजूला ठेवले, उठले, तिला चहाच्या टेबलाकडे नेलं आणि चकलीचा डबा पुढे सरकवला. "शुभदा, बाळ, शिवी दिल्याबद्दल नोकरी जाईल की नाही ते मला माहीत नाही. पण सही केलीस ना त्या यादीवर? ते वाईट."

सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी लॅमर्सबाई सिडनीहून ट्रेनने आल्या. शुभदा त्यांना घ्यायला स्टेशनवर गेली. पाच वर्षं मनात जी बाई होती ती दारातून वाकून आत येणारी होती. समोर आली ती खांद्याला सॅक लावलेली, शुभदाच्या खांद्याला लागणारी, सूर्याकडे डोळे बारीक करून बघणारी एक म्हातारी.

"संपूर्ण रस्ताभर समुद्र," बाई म्हणाल्या. "माझं एकाही कागदाकडे लक्ष गेलं नाही."

गाडीत शुभदाने तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा सिग्नल हिरवा झाला. दुसऱ्यांदा बाईंनी विचारलं, की ते पक्षी खरंच पोपट आहेत का आणि असे मोकळे कसे. तिसऱ्यांदा शुभदानेच धीर सोडला. शेवटी ऑफिसऐवजी तिने गाडी बंदराकडे वळवली, फिश अँड चिप्स घेतले आणि दोघी बाकावर बसल्या.

"मला एक सांगायचंय," शुभदा म्हणाली. "ज.कै. म्हणजे जमाखर्च कैफियत नाही. ते मी घाबरून सांगितलं. ज.कै. म्हणजे जर्मन कैदाशीण. म्हणजे तुम्ही."

बाईंच्या हातातली चिप हवेतच राहिली. एका सीगलने ती तेवढ्यात उचलून नेली. बाईंनी रिकाम्या बोटांकडे पाहिलं, बोटं पुसली आणि सॅकमधून वही काढली.

"कै-दा-शीण. नेमका अर्थ?"

"मोठी... भयंकर बाई. कुणाला न घाबरणारी."

"मनुष्य?"

शुभदाने समुद्राकडे पाहिलं. "पूर्णपणे नाही."

"दात?"

"मोठे."

बाईंनी लिहून घेतलं. मग वही मिटली आणि उरलेल्या चिप्स काळजीपूर्वक, सीगलकडे पाठ करून, संपवल्या. "उद्या मी सगळं वाचेन," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता बाई मीटिंग रूममध्ये शिरल्या. डाव्या रकान्यात मराठी, उजव्यात इंग्रजी, खाली तळटीपा, असा हळब्यांचा तो जाडजूड ग्रंथ त्यांच्यापुढे होता. दहा वाजले, अकरा वाजले. काचेतून त्यांची पाठ तेवढी दिसत होती. शुभदाने एकच रकाना सहा वेळा बेरजेला घेतला आणि सहा उत्तरं आली. साडेअकराला आतून खोकल्यासारखा आवाज आला. ग्रेग म्हणाला, "पाणी नेऊन देऊ का?" पुन्हा आवाज आला, आणि तो खोकला नव्हता.

एक वाजता बाईंनी दोघांना बोलावलं.

"आमच्या जगभरात नऊ शाखा आहेत," त्या म्हणाल्या. "पिवळ्या चौकटीत पंचवीस अक्षरं सगळ्यांना लिहावी लागतात. एक शाखा सात वर्षं पंचवीस टिंबं देतेय. दुसरी मुळाक्षरं लिहिते. बाकीच्या लिहितात, 'ठीक आहे ठीक आहे ठीक आहे'. उशीर का झाला हे ज्या एकाच शाखेत कळतं ती ही." त्यांनी ग्रंथावर हात ठेवला. "बिल कुणाच्या गाडीत होतं, किती दिवस, सीटखाली की डिकीत. ट्रकवाला काय म्हणाला. सगळं. मी तीस वर्षं तपासणी करतेय, असं काही वाचलेलं नाही."



"आता ज.कै.," बाईंनी दुसरा कागद काढला. "सेहेचाळीस उल्लेख मी मूळ बिलांशी ताडून पाहिले. चव्वेचाळीस वेळा मी बरोबर होते. दोनदा तुम्ही. कोऱ्या मागच्या बाजूचं स्कॅन मागायला नको होतं. त्याबद्दल मी दिलगीर आहे." मग चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "पण तुमची यादी खोटी आहे, आणि ते मी अहवालात लिहिणार. दुरुस्त करा. जुना अर्थ दिसत राहील, नवाही दिसेल."

"दहा वर्षं?" शुभदाने विचारलं.

"दहा वर्षं."

मग बाई ग्रेगकडे वळल्या. त्याचा निर्धास्तपणा अजून शाबूत होता. "मिस्टर डॉनली, तुमचे मेहुणे."

"माइक? त्याचं काय?"

"एकोणीस जेवणं. सायकलच्या पंपाचा उल्लेख मला विशेष वाटला."

ग्रेगने शुभदाकडे पाहिलं. शुभदाने टेबलाकडे पाहिलं. ग्रेगचे कान लाल झाले, मग मान लाल झाली, आणि मग, हा माणूस मुळात वाईट नव्हताच, त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "फेअर इनफ." एकोणीस जेवणांचे पैसे त्याने पुढच्या पगारातून कापून दिले. शुभदाशी मात्र तो आठवडाभर फक्त कामापुरतं बोलला. दुसऱ्या आठवड्यात तिच्या केबिनच्या दारात येऊन त्याने विचारलं, "शूब्स, माझ्याबद्दल चांगलं एकही नव्हतं का?"

शुभदाने शोधून दाखवलं. सातशे तिसावा शेरा: 'साहेबांनी आज स्वतःहून बिल आणून दिलं. सूर्य कुठून उगवला पाहायला हवं.' काकांचं भाषांतर आणि तळटीप वाचून ग्रेग म्हणाला, "हे चांगलं आहे?" शुभदा म्हणाली, "त्यातल्या त्यात."

लॅमर्सबाई जाताना सांगून गेल्या, की कायद्याची मराठीला हरकत नाही, पण भाषांतराच्या खर्चाला मुख्य ऑफिसची आहे. तेव्हा यापुढे इंग्रजीत लिहा, पण असंच लिहा. शुभदाने प्रयत्न केला. इंग्रजीत तिचा राग पंचवीस अक्षरांपुढे जाईना. 'ट्रकवाला उशिरा आला' यापुढे काय लिहायचं ते सुचायचंच नाही. ट्रकवाला तोच होता, पण आता तो नुसताच उशिरा यायचा.

नोव्हेंबरात जर्मनीत तपासणी झाली. कर खात्याचा एक तरुण अधिकारी दोन दिवस मुख्य ऑफिसात बसला. तिसऱ्या दिवशी लॅमर्सबाईंची तीन ओळींची ईमेल आली: तपासणी सुरळीत पार पडली. ऑस्ट्रेलिया शाखेच्या दोन पंपांच्या घसाऱ्याबद्दल विचारणा झाली, उत्तर दिलं. शेऱ्यांचं भाषांतर त्यांनी उघडलं नाही.

शुभदाने सुटकेचा निःश्वास टाकला. तो दहा मिनिटं टिकला. मग तिला कसंतरीच वाटायला लागलं. जुलैपासून झोप उडाली, सही केलेलं खोटं निस्तरावं लागलं, ग्रेगच्या मेहुण्याची जेवणं बंद झाली, आणि त्या माणसाने साधं पान उलटून पाहिलं नाही? ती पार्किंगमध्ये गेली आणि ब्लॅकटाउनला फोन लावला.

"उघडलंच नाही?" हळबे म्हणाले.

"नाही, काका."

"एकसुद्धा तळटीप नाही?"

"नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कागद शोधल्याचा आवाज आला. "त्या खात्याचा पत्ता द्या मला," काका कामाच्या आवाजात म्हणाले. "आम्ही 'शहाजोग'वर दोन दिवस घालवले, शुभदाबाई. कर खातं म्हणजे काय समजतं स्वतःला? मी पत्र लिहितो."

"काका, पास झालोय आपण! पत्र लिहून त्यांना परत बोलावता की काय?"

"मग येऊ देत की!"

त्यांना आवरता आवरता शुभदाची दमछाक झाली. भर दुपारी, दोन ट्रकांच्या मधे उभी राहून ती हसत होती आणि काका पत्राचा पहिला परिच्छेद वाचून दाखवत होते. शेवटी, येत्या शनिवारी हृषिकेश आणि अनुष्काला घेऊन जेवायला येते, तेव्हा पत्राचं बघू, असं कबूल करून तिने कसाबसा फोन ठेवला.